अकरा दिवसांचा मुक्काम

आपला शोधनिबंध कोणीतरी वाचला आहे, हे डॉ. गोरक्ष बोरस्ते यांना सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं. बावीस वर्षं बी.एड. कॉलेजात शिकवून आणि एकतीस निबंध छापून हा प्रसंग त्यांच्यावर एकदाही आला नव्हता. सायटेशन्स झाली होती. म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांच्या शेवटच्या यादीत त्यांचं नाव घातलं होतं. या एकाच निबंधाला तर त्रेसष्ट वेळा. पण सायटेशन द्यायला निबंध वाचावा लागत नाही, हे कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक होतं. आणि आता स्टाफरूमच्या दारात तिशीतली एक बाई उभी होती. तिच्या हातातल्या झेरॉक्सचे कोपरे दुमडले होते, ओळींवर ठिकठिकाणी पिवळा रंग फासला होता, समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. तिच्यामागे एक वाळकुडा माणूस चपला हातात घेऊन उभा होता.

"चपला घाला हो, देऊळ नाही हे," बोरस्ते म्हणाले.

"फरशी पुसलीय ना साहेब," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"सर, मी पूजा पगारे. हरसूलच्या पुढं करवंदपाडा आहे, तिथल्या शाळेवर शिकवते. हे झिपरूदादा, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. तुमच्या निबंधाबद्दल बोलायचं होतं." तिनं झेरॉक्स टेबलावर ठेवली. 'विरळ लोकवस्तीतील एकशिक्षकी शाळा : फिनलंड व हरसूल परिसर यांचा तौलनिक अभ्यास.' बोरस्त्यांना हे नाव कुठल्याशा दूरच्या नातेवाइकासारखं वाटलं, लग्नात एकदा भेटलेल्या आणि पुन्हा भेटू नये असं वाटणाऱ्या. पूजानं थोडक्यात सांगितलं. शाळेत नऊ मुलं. एका सल्लागार संस्थेनं अहवाल दिलाय की अशा शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत घालावीत. मोठी शाळा साडेचार किलोमीटरवर, मध्ये ओहोळ, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. गुरुवारी सुनावणी आहे. पालकांचा विरोध आहे असं शाळा समितीनं लेखी दिलं, तर उत्तर आलं की तुमचा विरोध नाही. अहवालाच्या सतराव्या पानावर छापलंय : स्थानिक पालकांचाही पाठिंबा, ब्याण्णव टक्के, कंसात बोरस्ते, दोन हजार तेरा.

"तुम्ही पन्नास पालकांशी बोललात असं लिहिलंय," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता. वहीतलं गणित चुकलेल्या मुलाला विचारावं तसं ती विचारत होती, आणि बोरस्त्यांना तेच जास्त लागलं. "आमच्याकडे घरंच अकरा आहेत, सर."

"आजूबाजूचे पाडे धरले असतील. सॅम्पलिंग असतं एक."

"इथं लिहिलंय, सर्व प्रतिसादक करवंदपाड्याचे."

मग झिपरू पुढे आला. त्यानं चपला काखेत धरल्या आणि हात जोडले. "साहेब, मॅडमनी आमाला समदं वाचून दावलं. मराठीत सांगितलं. त्याच्यात असं हाय, का तुमी आमच्याकडं अकरा दिवस मुक्कामाला व्हते."

"हो. म्हणजे, होतो."

"कोनाकडं जेवले?"

बोरस्त्यांना प्रश्न कळला नाही. या निबंधावर त्यांना एकदा परिसंवादात प्रश्न विचारला गेला होता, तो विचारणाऱ्याला त्याआधी त्यांनीच लिहून दिला होता. "जेवलो म्हणजे?"

"मी अकरा घरी इचारलं. म्हाताऱ्यांना इचारलं. कोनाच्या ध्यानातच नाय. अकरा दिवस पाव्हना राह्यला अन् भाकर कोनी दिली ते म्हाईत नाय, असं आमच्यात व्हत नाय साहेब. मी त्या टायमाला दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला असंन. पन बायामानसं तर व्हती." त्यानं मान खाली घातली. "उपाशी राह्यले असले तर आमची चूक हाय. पन सांगा."

"डबा होता माझ्याकडे," बोरस्ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की अकरा दिवस पुरणारा डबा जगात नसतो. झिपरूलाही कळलं असावं. पण त्यानं मान हलवली, जणू शहरात तसले डबे मिळत असतील. "दुसरं असं, का त्याच्यात लिव्हलंय, निम्म्याहून जास्ती लोक अंगठा लावनारे. आमच्यात अंगठा कोनी लावत नाय. साक्षरतेच्या टायमाला चंदर मास्तर व्हते, त्यांनी माझ्या आयलासुदा सही शिकवली. तिला तेवढंच येतं, पन येतं."

भरलेल्या प्रश्नावल्या पूजानं पाहायला मागितल्या. बोरस्त्यांनी वाळवी लागल्याचं सांगितलं. गुरुवारी येऊन एवढंच सांगा, की हे पन्नास पालक आमचे नाहीत, ती म्हणाली. बघतो, बोरस्ते म्हणाले. ती दोघं गेल्यावर त्यांनी पंखा पाचावर केला, पण गार वाटेना. समोरच्या टेबलावर मराठी अध्यापन पद्धतीच्या बाई मोबाइलवर लोणच्याची कृती पाहत होत्या आणि आवाज कमी करण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

वाळवी नव्हतीच, प्रश्नावल्याही तशा नव्हत्याच. दोन हजार तेराच्या एप्रिलमध्ये आठवडे बाजाराच्या दिवशी ते मोटारसायकलवर हरसूलला गेले होते, एवढं मात्र खरं होतं आणि निबंधातलं तेवढंच वाक्य खरं होतं. बाजारात करवंदपाड्याची वाट विचारली, तर एका बाईनं हनुवटी उचलून डोंगर दाखवला. बोरस्त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग पायातल्या नव्या बुटांकडे पाहिलं, मग एका टपरीवर बसून दोन प्लेट भजी खाल्ली, रोहिणीसाठी नागलीचे पापड घेतले आणि चारच्या आत घरी आले. फिनलंडलाही ते गेले नव्हतेच. तेव्हा दोन्ही बाजूंना समान न्याय झाला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं आणि त्या विनोदावर खूश झाले होते. मग दोन दुपारी जेवणाच्या टेबलावर ते आणि रोहिणी बसले. त्यांनी बापांची मतं भरली, तिनं आयांची, तीन वेगवेगळ्या पेनांनी, मधूनच डाव्या हातानं. पन्नासपैकी एकोणतीस जण अशिक्षित ठरले, कारण आदिवासी भाग म्हटल्यावर तेवढे असायला हवेत असं त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचं मत पडलं. शाईच्या पॅडवर दोघांच्या हातांची वीस बोटं संपली तेव्हा पायांवर वेळ आली. "माझ्या पायाच्या अंगठ्याला पीएच.डी. द्या हो आता," रोहिणी खिदळत म्हणाली होती. पाय वर करून ती खुर्चीत बसली होती, त्यांनी ओल्या फडक्यानं तिचा तळवा पुसून दिला होता, खिडकीतून कुकरचा वास येत होता. लग्नानंतर इतकं हसलो असू असे दिवस मोजकेच, आणि त्यातली ही एक दुपार, ही गोष्ट बोरस्त्यांना आज पंख्याखाली बसून आठवली. ब्याण्णव टक्के कुठून आले तेही आठवलं. फिनलंडात त्या काळी लहान शाळा बंद करून मोठ्यात मिळवत होते आणि तिथल्या पालकांची फारशी हरकत नव्हती. तुलना जुळायला हवी होती. म्हणून करवंदपाड्याच्या पालकांनाही तेच वाटणं भाग होतं.

तौलनिक शिक्षणशास्त्र म्हणजे दोनपैकी एकही देश न पाहता दोन्हींची तुलना करण्याचं शास्त्र, अशी व्याख्या त्यांनी स्वतःपुरती केलेली होती, आणि ती वर्गात सांगता येत नाही याचं त्यांना वाईट वाटे. या शास्त्रात वारं फिरत असतं. ते विद्यार्थी असताना सगळे गुणवत्ता गुणवत्ता म्हणत. मग एका वर्षी फिनलंड आलं, निफाडला थंडीची लाट येते तसं, रात्रीत पारा उतरला. ज्यांनी कसारा घाट धड पाहिला नव्हता ते हेलसिंकीच्या बालवाड्यांवर तासतास बोलू लागले. मग सिंगापूर. मग एस्टोनिया, जो नकाशावर कुठे आहे हे बीजभाषण देणाऱ्या पाहुण्यांनी जेवताना बोरस्त्यांनाच विचारलं होतं. मध्ये दोन वर्षं सगळे एकदम पाश्चात्त्य चौकटी झुगारायला निघाले आणि ते झुगारणंसुद्धा पाश्चात्त्य जर्नलांतून शिकले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रत्येक लाटेबरोबर बोरस्त्यांनी निबंध लिहिले, कारण न लिहिणाऱ्यांची बढती थांबते. त्यांचा चुलतभाऊ अंबडला एका कारखान्यात तपासनीस होता. तिथं एखादा नट केसभर जाड निघाला तर लाल रंगाच्या पेटीत जातो, असं तो दिवाळीत सांगायचा, आणि सगळे कंटाळायचे. बोरस्त्यांना त्या पेटीचं अलीकडे अप्रूप वाटू लागलं होतं. त्यांच्या धंद्यात लाल पेटी नव्हती. तिथं जाड नट आणखी त्रेसष्ट यंत्रांत बसवला जाई, आणि मग त्यालाच प्रमाण म्हणत.

ते बसवण्याचं काम संदर्भ मित्र मंडळ करी. हा बारा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, जिल्ह्यातल्या सहा कॉलेजांचा. गणपती मंडळासारखंच त्याला अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि खजिनदारही होता, खजिना नसला तरी. दर महिन्याला एकाची पाळी. पहिल्या तारखेला त्याचे दोन निबंध ग्रुपवर टाकायचे आणि त्या महिन्यात जो कोणी जे काही लिहील, त्यात ते घालायचे. बोरस्त्यांच्या हरसूल-निबंधाचा आधार अशा रीतीनं 'मधुमेही शिक्षकांमधील ताणतणाव' या निबंधाला मिळाला होता, 'ग्रंथालयातील उजेड व वाचनरुची' याला मिळाला होता, आणि एकदा खो-खोवरच्या एका निबंधालाही. कोणी वाचत नाही, तेव्हा कोणाचं नुकसान नाही, हे मंडळाचं तत्त्व होतं. बोरस्त्यांना मंडळातल्या अकराही जणांची किळस येई. त्यांच्या सफारीची, त्यांच्या 'अभिनंदन सर' म्हणून पाठवलेल्या फुलांच्या चित्रांची. आणि पाळी आली की तेही न चुकता फुलं पाठवत.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. हर्षल अहेर. वय चाळीस, एच-इंडेक्स एकोणीस. हा आकडा म्हणजे किती निबंधांना किती उल्लेख मिळाले याचा हिशोब, आणि अहेरांनी तो नव्या गाडीच्या नंबरातही घेतला होता. मंगळवारी ते बोरस्त्यांना गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेले.

"सर, तुमचं टेन्शन मला कळलंच नाही," पाव मोडत अहेर म्हणाले. "धोरणात सायटेशन आलं! पॉलिसी इम्पॅक्ट! लोक मरतात त्याच्यासाठी. येत्या सोमवारी बढतीच्या मुलाखतीत हाच मुद्दा पहिला मांडा. प्रोफेसरकी खिशात."

"ती बाई खरं सांगतेय हो, अहेर. मी गेलोच नव्हतो."

"कोण जातं?" अहेरांना खरंच नवल वाटलं. "मी जपानवर लिहिलंय. परवा सुशी खाल्ली पहिल्यांदा. आवडली नाही." मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बघा, फारच टोचत असेल तर तुमच्याच निबंधाचं खंडन करणारा दुसरा निबंध लिहा. पुनर्विचार, आत्मपरीक्षण वगैरे. त्याचा ट्रेंड आहे सध्या. आपण जुन्यालाही सायटेशन देऊ आणि नव्यालाही. दोन्हीकडून तुम्हीच. सहा महिन्यांत छापून येतो."

"सुनावणी गुरुवारी आहे."

"मग सुनावणीला कशाला जाताय?" अहेर म्हणाले आणि तर्री मागवली.

बोरस्त्यांना मिसळ उतरेना. अहेरांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, हीच त्यातली किळस होती. त्यांना वाटलं होतं की शाळा बंद पडण्याचं दुःख होईल, नऊ मुलं ओहोळातून जाताना डोळ्यांपुढे येतील, निदान झोप उडेल. तसलं काही झालं नाही. झोप नीट लागली. फक्त एक प्रश्न दाताच्या फटीत काही अडकावं तसा अडकून राहिला : कोणाकडं जेवले? बुधवारी वर्गात संशोधन पद्धती शिकवताना 'क्षेत्रीय मुक्काम' हे शब्द फळ्यावर लिहिले आणि खडू थांबला. ज्या माणसाचं यांनी नाव, गाव, मत, अंगठा सगळं ढापलं, तो माणूस अकरा घरं फिरून विचारत होता की आपल्याकडून याला वाढायचं राहिलं तर नाही ना. शिवी दिली असती तर बोरस्त्यांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी आयुष्यभर ज्या-ज्या लोकांचा तिरस्कार केला होता त्यांच्यात शिवी देणारे होते, लाचार होते, भोंदू होते, सुशी खाणारे होते. पण असा एकही नव्हता, आणि अशा माणसाचा तिरस्कार कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग तो तिरस्कार परत फिरून आला तो घरच्याच पत्त्यावर, स्वतःवर.

"मी उद्या सुनावणीला जातोय," संध्याकाळी चहा घेताना त्यांनी रोहिणीला सांगितलं.

"जाऊन काय सांगणार?"

"गेलो नव्हतो म्हणून."

रोहिणीनं कप खाली ठेवला. "आणि बायांचे अंगठे कोणाचे ते विचारलं तर?"

"तेवढं कोणी विचारत नाही."

"विचारलं तर माझं नाव सांगा," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. ती रागावली होती की काय, हे त्यांना तिच्या चालण्यावरून कळेना.

सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी एका लांबट सभागृहात होती. सुनावणी समितीचे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी नेमले होते, गोरेपान, पांढऱ्या मिशीचे, समोर अहवालाची जाड प्रत. करवंदपाड्याची माणसं मागच्या बाकांवर दाटीनं बसली होती. बोरस्त्यांनी नाव सांगताच अध्यक्ष उठून उभे राहिले. "आपणच ते बोरस्ते? या, या. अहो, सरांना पुढे खुर्ची द्या. पाणी आणा." खुर्ची आली, तिच्यावर टॉवेल घातलेला. बोरस्त्यांच्या मनात आलं की आत्ताच उठून बाहेर पडावं, सोमवारच्या मुलाखतीत हीच खुर्ची सविस्तर वर्णन करून सांगता येईल. मग ते उभे राहिले आणि पाठ केलेलं बोलले. हा अभ्यास मी केलेला नाही. मी करवंदपाड्याला कधीही गेलेलो नाही. ब्याण्णव टक्के हा आकडा मी घरी बसून काढला. अंगठे माझे आणि माझ्या बायकोचे आहेत.

मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं. बोरस्त्यांनी वळून पाहिलं नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा हळूहळू कनवाळू होत गेला. "डॉक्टर, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"नाही."

"गावकऱ्यांविषयी तुम्हाला आपुलकी वाटते, ते मी समजू शकतो. मोठे अभ्यासक असतात असे, स्वतःच्या कामाला कमी लेखणारे." त्यांनी अहवालाचं एक पान उलटलं. "पण मला कागद बघावा लागतो. या निष्कर्षाला त्रेसष्ट अभ्यासकांनी आधारभूत मानलंय. छापील. तुमच्या एकट्याच्या तोंडी म्हणण्यावर मी तो बाजूला कसा ठेवू?"

"तो एकटा म्हणजे लिहिणारा मीच आहे."

"तरी पण त्रेसष्ट विरुद्ध एक." मग ते लेखनिकाकडे वळले. "लिहा, मूळ संशोधक स्वतः उपस्थित होते." लेखनिकानं लिहिलं. बोरस्त्यांना हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, ते संदर्भाअभावी नाकारलं गेलं. हे मंडळात सांगितलं तर सगळे पोट धरून हसतील, आणि त्यांचं काय चुकेल? अध्यक्षांनी हरकतीला पंधरा दिवसांची मुदत दिली, लेखी आणि पुराव्यासह, आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

बाहेरच्या व्हरांड्यात पाड्यावरची माणसं भिंतीला टेकून उभी होती. कोणी बोरस्त्यांकडे पाहत नव्हतं. झिपरूनं एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. आता त्याला कळलं होतं की पाहुणा उपाशी राहिलाच नव्हता. माफी मागावी का, असा विचार बोरस्त्यांनी केला, आणि त्या शब्दाला सेमिनारच्या आभारप्रदर्शनाचा वास आला म्हणून सोडून दिला.

पूजा मात्र सरळ समोर येऊन उभी राहिली. "सर, ते त्रेसष्ट जण कोण आहेत?"

"म्हणजे?"

"त्यांनी वाचून लिहिलं का न वाचता, एवढंच मला हवंय. पंधरा दिवस आहेत. नावं द्या, मी एकेकाकडे जाईन, लेखी घेईन." तिनं पिशवीतून हजेरीची जुनी वही काढली, कोऱ्या पानावर आडवी रेघ मारली, उभ्या तीन मारल्या.

"त्रेसष्ट जण नाहीत. तेराच आहेत, आमच्या ग्रुपमधले बारा आणि बाहेरचं एक. बहुतेकांनी तीन-तीन, चार-चार वेळा." हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. सोमवार त्यांच्या डोळ्यांपुढे आला, मुलाखतीचं लांब टेबल, त्यावरची काजू-बदामाची बशी. त्यामागून रिटायर होईपर्यंतची आठ वर्षं आली, ज्यात कोणी त्यांच्याशी स्टाफरूममध्ये बोलणार नव्हतं. तसं आताही कोण बोलण्यासारखं बोलतं, असंही मनात आलं. कुठे एखादी उदात्त भावना सापडते का, म्हणून त्यांनी आत चाचपून पाहिलं. फक्त चिडचिड होती, हिचं अक्षर इतकं चांगलं का आहे याचीसुद्धा.

"लिहा," ते म्हणाले. "बोरस्ते, गोरक्ष. चौदा."

"हे तर तुम्हीच ना?"

"चौदा वेळा मीच. लिहा. अहेर, हर्षल. नऊ. त्यांचा एच-इंडेक्स गाडीवर आहे, फोन नंबर मी देतो."

पूजानं लिहिलं. भिंतीशी टेकलेली माणसं एकेक करून जवळ सरकली आणि वहीत डोकावू लागली. बोरस्त्यांनी पुढचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरं नाव वेदिकाचं होतं. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा, प्रबंधात पाच ठिकाणी हरसूल-निबंध. सर, हा मला कुठे मिळेल वाचायला, असं तिनं दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, आणि वाचायची गरज नाही, नुसता घाल, असं तिला यांनी सांगितलं होतं.

"पुढं, सर?"

व्हरांड्यातून एक एस.टी. वळताना दिसत होती. तिचा धूर आत येईपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

"वेदिका गायधनी. पाच," बोरस्ते म्हणाले. "आणि तिच्यापुढच्या रकान्यात लिहा, वाचू नकोस असं तिला मीच सांगितलं होतं. रकाना पुरत नसेल तर दोन ओळी करा."